उभ्या बाटल्यांचा फ्रिज

टेप उलटी गुंडाळलेली होती, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

वहिनी शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, उजव्या हाताला कात्री, डाव्या हाताला टेप, आणि मधे त्या. नात्याने त्या इमारतीतल्या एकाच बाईच्या वहिनी. पण ती बाई, म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारी त्यांची धाकटी नणंद, जिन्यात उभी राहून अशा खणखणीत आवाजात "वहिनीऽ" अशी हाक मारायची, की हळूहळू सगळ्या इमारतीनेच ते नाव उचललं. टेप गुंडाळायची वहिनींची एक पद्धत होती. आकडे आत, पितळी टोक बाहेर. झोपेतसुद्धा त्यांच्या हाताने ती तशीच गुंडाळली असती. त्या दिवशी त्या बटणं आणायला गेल्या आणि परत येऊन बघतात तर टेप जागच्या जागी, पण आकडे बाहेर आणि टोक आत.

घरात माणसं दोनच. वहिनी बाहेर होत्या. उरलं कोण?

उरले ते आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. साबणाच्या कारखान्यात सुगंधी तेलांचं गोदाम त्यांच्या ताब्यात होतं, म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना साबणवाले म्हणत. आज सुट्टी होती.

"काय मोजलंत?" वहिनींनी दारातूनच विचारलं.

"कुठे काय?"

"टेप बोलली मला."

साबणवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. "हां, ते होय. तो ओट्याखालचा कोपरा गं. पिठाचा डबा असतो तिथला."

"पिठाच्या डब्याला सदरा शिवायचाय का?"

"नाही, एक लहानसा फ्रिज घ्यावा म्हणतो. जास्तीचा."

"आपल्या दोघांना? आहे त्या फ्रिजमध्ये अर्ध्या फळ्या रिकाम्या आहेत."

"वेगळा असतो तो. म्हणजे…" साबणवाले खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाटल्यांचा."

वहिनींनी टेप हातात घेतली, पूर्ण सोडली आणि आपल्या पद्धतीने परत गुंडाळली. बाटली हा शब्द त्या घरात अकरा वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. तेलाच्या बाटलीलासुद्धा वहिनी नुसतं 'तेल' म्हणायच्या.

त्या आधीची वर्षं कशी गेली ते वहिनींना आणि देवाला ठाऊक. साबणवाले वाईट माणूस कधीच नव्हते. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. फक्त प्यायचे, आणि प्यायलेलं लपवायचे. लपवण्यात त्यांची अक्कल भारी चालायची. मोठी बाटली कधी आणली नाही. मुठीत मावणाऱ्या चपट्या, लहान बाटल्या आणायचे. एक बटणांच्या डब्यात सापडली, एक मशीनच्या लाकडी झाकणाखाली, आणि एक नवरीच्या पांढऱ्या पोशाखाच्या घडीत. ती तिथेच फुटली. ती नवरी, तिची आई, आणि त्या पोशाखाचा तो वास, हे तिघं वहिनींच्या स्वप्नात कितीतरी दिवस येत राहिले.

मग एकदा साबणवाले स्वतःच्या पायांनी उपचारांना गेले. परत आले त्या संध्याकाळी दार उघडं असूनही उंबऱ्याबाहेर थांबले आणि म्हणाले, "आधी वास घे, मग घरात घे." वहिनी पुढे झाल्या. साबणवाल्यांनी 'हाऽ' केलं. वहिनींनी डोळे मिटून वास घेतला. नुसता साबणाचा वास होता. त्या म्हणाल्या, "या."

तेव्हापासून रोज. पाऊस असो, पाहुणे असोत, ताप असो. पायपुसण्यावर उभं राहायचं, हाऽ करायचं, आणि 'या' ऐकल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. शेजारी हसायचे, "झाली का साहेबांची तपासणी?" साबणवालेही हसायचे. पण एकदासुद्धा चुकले नाहीत. वहिनी मशीनला तेल घालता घालता देवाशी बोलायच्या. म्हणायच्या, "देवा, बाकी काही नको. हे एवढं नाक शाबूत ठेव."

आणि नेमकं तेच गेलं.

दीडेक वर्षापूर्वी, थंडीत, वहिनींना जबर सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. दूध करपून पातेलं काळं पडलं आणि त्या शेजारी बसून काजं करत होत्या. पुढे फुलं हुंगून पाहिली, साबण हुंगला, रॉकेल हुंगलं. सगळं एकसारखं, कोऱ्या कापडासारखं. वहिनींनी ही गोष्ट कुणाला म्हणून सांगितली नाही. सांगायची कशी? एवढ्या एका नाकाच्या धाकावर एक माणूस उभा होता. पहारेकरी आंधळा झाल्याचं कुणी तिजोरीला सांगतं का?

म्हणून रोज संध्याकाळी त्या पुढे व्हायच्या, डोळे मिटायच्या, श्वास घ्यायच्या, आणि काहीही न कळता म्हणायच्या, "या."

आता समजलं ना, की 'बाटल्यांचा' म्हटल्यावर त्या का धास्तावल्या?

त्यानंतर वहिनींना जिकडेतिकडे खुणा दिसायला लागल्या. गेलं वर्षभर साबणवाले 'या' म्हटल्यावरही पायपुसण्यावर जरासे रेंगाळायचे, वहिनींच्या तोंडाकडे बघत. तेव्हा त्यांना वाटलं होतं, वय झालं, गुडघे धरत असतील. आता वाटलं, हा माणूस अंदाज घेत होता. एका रविवारी साबणवाले सज्जात उभे राहून फोनवर हळू आवाजात बोलत होते. वहिनींनी मशीनचं पायडल थांबवलं आणि कान टवकारले.

"हो, लहानच बाटल्या… नाही, घरी काही बोललो नाही अजून… हां. आणि पाचवी विसरू नका हं. तीच महत्त्वाची."

सज्जाचं दार वाजलं तसं वहिनींनी पायडल इतक्या जोरात दाबलं की एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा पाय पार खिशापर्यंत शिवला गेला.

नको म्हणावं तर तो फ्रिज गोदामात नाहीतर आणखी कुठे ठेवला जाईल, आणि मग डोळ्यांनीही दिसायचा नाही. वहिनींनी विचार केला, नाक गेलं तर गेलं, डोळे आहेत. चोरी व्हायचीच असेल तर माझ्यासमोर होऊ दे. म्हणून त्या म्हणाल्या, "आणायचाच असेल तर मीही येते. कोपरा माझ्या स्वयंपाकघरातला आहे."

साबणवाल्यांचा चेहरा पडला, ते वहिनींनी बरोबर टिपलं.

दुकान मोठं होतं, थंड, आणि फरशी अशी की आपलंच प्रतिबिंब पायाला पाय लावून चालतंय. एका भिंतीशी काचेच्या दारांचे फ्रिज ओळीने उभे होते. आत निळा उजेड आणि आडव्या ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या. वर पाटी होती. वहिनींनी ती मोठ्याने वाचली, "वाइन फ्रिज."

"नावच तसं आहे," साबणवाले म्हणाले. "नावाकडे नको बघूस."

"मी सगळ्याकडेच बघणार आहे."

विकणारी मुलगी तरतरीत होती. तिने हसून सुरुवात केली. "सर, दोन कप्प्यांचा दाखवू? लाल वेगळी राहते, पांढरी वेगळी. दोघींना गारवा वेगवेगळा लागतो."

"एकच कप्पा पुरे," साबणवाले म्हणाले. "फळ्या काढता येतात का?"

"येतात की. मोठ्या बाटल्यांसाठी?"

"नाही, लहान. अगदी लहान. आणि त्या उभ्या ठेवायच्यात."

"पण सर, वाइन आडवीच ठेवतात. बूच ओलं राहायला हवं ना."

"आमच्या उभ्याच असतात," साबणवाले म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

लहान. उभ्या. वहिनींच्या डोळ्यांसमोर बटणांचा डबा आला. त्यांनी पर्समधून टेप काढली आणि एका फ्रिजची रुंदी घ्यायला लागल्या, हाताला काहीतरी काम असावं म्हणून.

"काकू, रुंदीत दोन्ही बाजूंना थोडी फट सोडा," मुलगी म्हणाली. "आणि ओट्याखाली कपाटात बसवणार असाल तर पुढून हवा सोडणाराच घ्या. मागून सोडणारा घेतलात तर आत कोंडतो आणि गरम होतो. शेगडी किती लांब आहे?"

"दोन हात."

"ठीक आहे. उन्हाची तिरीप येते का?"

"काच काळी हवी," साबणवाले मधेच म्हणाले. "आतलं दिसता कामा नये. म्हणजे, उजेड आत जाता कामा नये."

"आतलं दिसायला हवं," वहिनी म्हणाल्या.

"अगं, उजेडाने खराब होतं."

"काय खराब होतं?"

साबणवाल्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि मुलीला विचारलं, "आवाज किती करतो हा? फार नको. हिची झोप सावध आहे."

वहिनींनी टेप सोडून दिली. झोप सावध आहे म्हणे! आता राहिलं काय?

राहिलं होतं ते साबणवाल्यांनी पुढच्याच वाक्यात विचारलं. "आणि कुलूप? कुलूपवाला आहे का?"

"आहे ना सर. मुलाबाळांच्या घरी लोक घेतात. किल्ल्या दोन येतात."

"मुलंबाळं मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली आमची," वहिनी मुलीला म्हणाल्या. "मला एक सांग, हे फ्रिज घेतात तरी कोण?"

"सगळ्या प्रकारचे लोक घेतात, काकू. ज्यांच्याकडे पाहुणे येतात. ज्यांना रोज जेवणाबरोबर थोडी…"

"समजलं."

वहिनी ओळीतून एकेका फ्रिजचं दार उघडून बघायला लागल्या. काही न बोलता, घाईगडबड न करता. शेवटून दुसऱ्याचं दार त्यांनी उघडलं आणि मुलीशी बिजागरीबद्दल बोलत तसंच धरून ठेवलं. थोड्या वेळाने फ्रिज केकाटायला लागला. टीं टीं टीं टीं.

"हे काय?"

"दार उघडं राहिलं की वाजतो, काकू. बंद करता येतं ते. बटण आहे."

"नको, असू दे. हाच द्या. आणि दार डाव्या हाताला उघडणारं हवं, मशीनवर बसल्या जागेवरून मला दिसेल असं."

"काच काळी आहे याची," साबणवाले म्हणाले.

"असू दे काळी. बोलका आहे तो. मला तेवढं पुरे."

फ्रिज आला, पिठाच्या डब्याच्या जागी बसला, पिठाचा डबा मोरीच्या दाराआड गेला. बिजागरी बदलून दार डावीकडे घेतलं. किल्ल्या दोन्ही साबणवाल्यांनी खिशात टाकल्या. "एक इथे खिळ्याला अडकवू का?" असं वहिनींनी विचारलं तर म्हणाले, "थांब जरा. देतो." काही दिवस फ्रिज रिकामाच घुमत राहिला. वहिनी मशीनवर बसून त्या काळ्या काचेत स्वतःलाच बघायच्या आणि मनात म्हणायच्या, कुठेतरी पाणी मुरतंय, पण कुठे?

मग एके दिवशी दोरे आणून परतल्या तेव्हा साबणवाले कामावर निघाले होते. नेहमीपेक्षा उशिरा, नेहमीपेक्षा घाईत. जाताना म्हणाले, "संध्याकाळी जरा बोलायचंय." वहिनींनी दार लोटलं, ओट्यापाशी बसल्या आणि काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. काळ्या काचेतून पुसट दिसलं. पाच लहान बाटल्या. उभ्या.

वहिनी उठल्या आणि शिवणाच्या डब्यातून क्रोशाची सुई घेऊन आल्या. अकरा वर्षांपूर्वी साबणवाल्यांच्या पेटीची कुलपं उघडताना हात तयार झाला होता. हे कुलूप तर खेळण्यातलं. दोनदा फिरवलं आणि सुटलं.

बाटल्या तपकिरी काचेच्या होत्या. झाकणावर एक ते पाच आकडे. नाव नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त पाचवीच्या झाकणाभोवती एक लाल पट्टी. वहिनींनी पहिली काढली, झाकण फिरवलं आणि नाकाशी नेली.

काही नाही.

दुसरी. काही नाही. तिसरी नाकपुडीला टेकेपर्यंत नेली. काही नाही. पाण्यासारखं काहीतरी आत हलत होतं. दारू असेल, औषध असेल, नुसतं पाणी असेल. पुरावा हातात धरून त्या बसल्या होत्या आणि त्यांना तो वाचता येत नव्हता. जिभेवर घेऊन बघावं? अकरा वर्षं ज्या थेंबाचा त्यांनी धसका घेतला, तो स्वतःच्या जिभेवर? त्यांचे डोळे भरून आले. देवा, एक श्वास, एकच दे मला खरा.

आणि फ्रिज केकाटायला लागला. टीं टीं टीं टीं.

वहिनी बाटली हातात घेऊन दार लोटायला गेल्या, कोपर लागून चौथी कलंडली, ती सावरायला गेल्या तर दार पुन्हा सताड उघडलं. टीं टीं टीं.

"वहिनीऽ! काय वाजतंय गं?" जिन्यावर चपलांचा आवाज आला. पुढचं दार नुसतं लोटलेलंच होतं. नणंदबाई आत आल्या त्या थेट स्वयंपाकघरात, आणि उंबऱ्यातच थांबून म्हणाल्या, "अगं बाई! केवढा वास सुटलाय!"

वहिनी फरशीवर बसलेल्या, हातात उघडी बाटली, मांडीवर क्रोशाची सुई. "कसला वास, वन्सं?"

"कसला म्हणजे? लवंगेचा! डोळ्यांत जातोय की." नणंदबाईंनी दार ढकललं, फ्रिज गप्प झाला. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. बाटली तर वहिनींच्या नाकापासून चार बोटांवर होती. "वहिनी, तू ती हातात धरून बसलीयेस. तुला येत नाहीये वास?"

वहिनींनी बाटली नाकापासून खाली घेतली. तेवढं नणंदबाईंना पुरलं.

"कधीपासून?"

"ते सोडा. एवढ्या हुंगा आधी. सांगा मला काय काय आहे."

नणंदबाई फतकल मारून खाली बसल्या आणि एकेक बाटली नाकाशी धरायला लागल्या. "हा गुलाब. हे लिंबू. ही लवंग, मघाची. हे सर्दीच्या मलमातलं असतं ना, निलगिरी, ते." वहिनींचा जीव जरा खाली आला. फुलं, फळं, औषध. यात भ्यायचं काय? नणंदबाईंनी पाचवी उचलली, झाकणाभोवतीची पट्टी दातांनी तोडली, झाकण फिरवलं, आणि त्यांचं डोकं झटक्यात मागे गेलं.

"वन्सं, सांगा."

"वहिनी…"

"मला ऐकायचंय."

"दारू आहे गं," नणंदबाई म्हणाल्या. "तीच. त्याची जुनी."

संध्याकाळपर्यंत दोघी बसून राहिल्या. वहिनींनी मशीन उघडलं नाही. नणंदबाई मधेच म्हणायच्या, "असं नसेल गं," आणि मग स्वतःच, "पण मग काय असेल?" वहिनींनी फक्त एवढं सांगितलं, की नाक गेल्याला बरेच दिवस झाले आणि हे तुमच्या दादाला माहीत नाही.

जिन्यात पावलं वाजली. साबणवाले आले, पायपुसण्यावर उभे राहिले आणि त्यांनी हाऽ केलं.

वहिनी पुढे झाल्या नाहीत. दोन पावलं लांब उभ्या होत्या, हातात पाचवी बाटली. "हिचा घेऊ का वास?" त्या म्हणाल्या. "की तुमचा?"

साबणवाल्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या बहिणीकडे. "तू घेतलास वास?" त्यांनी बहिणीला विचारलं. बायकोला नाही. बहिणीला.

ते वहिनींच्या बरोबर लक्षात आलं. "मला का नाही विचारत?"

साबणवाले उंबऱ्याबाहेरच उभे होते. त्यांनी टोपी काढली. "तुला येत नाही म्हणून," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तूच. मागल्या वर्षी गोदामात स्पिरिटचा कॅन कलंडला माझ्या अंगावर. बाही चिंब झाली. बसमध्ये शेजारची बाई उठून उभी राहिली, पण बसेना माझ्याजवळ. घरी येईपर्यंत घोकत होतो, हिला काय सांगू, कसं पटवू. तू पुढे झालीस, डोळे मिटलेस, आणि म्हणालीस, 'या.'"

शेजारचं दार किलकिलं उघडलं, आणि नणंदबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा मिटलं.

"म्हणजे वर्षभर," वहिनी सावकाश म्हणाल्या, "वर्षभर पहारा नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि तरी हाऽ करत होतात."

"तू तरी या म्हणत होतीस."

"ते राहू द्या! मग मी कशावरून मानू? वर्षभरात एकदासुद्धा…"

"कशावरूनही नको मानूस," साबणवाले म्हणाले. "तेच तर सांगतोय. मी घेतली नाही. पण मला विचारशील तर मीसुद्धा माझ्यावर फार विश्वास ठेवत नाही. रोज बसमधून उतरलो की त्या बारची पाटी दिसते. पूर्वी वाटायचं, घरी नाक आहे. आता रोज तिथून पुढे येताना वाटतं, आज कुणी धरणार नाही तुला. तेव्हा मला तुझं नाक हवंय. माझ्यासाठी हवंय. आमच्याकडे साबणाचे वास जोडणाऱ्या बाई आहेत, त्यांचंही असंच गेलं होतं. त्या म्हणाल्या, नाकाला परत शिकवता येतं. सकाळ-संध्याकाळ हे चार वास घ्यायचे, आणि घेताना ती वस्तू आठवायची. महिनोन्‌महिने लागतात. कधी येतं परत, कधी नाही येत."

"आणि फ्रिज?" नणंदबाईंनी विचारलं. "त्याच्यासाठी एवढा फ्रिज?"

"आपल्या फ्रिजमध्ये ठेवले तर काही तेलं गोठतात, आणि दुधाला लवंग लागते. बाहेर ठेवले तर उजेडाने आणि उकाड्याने वास मरतात. गोदामात आम्ही असाच फ्रिज वापरतो, म्हणून मला दुसरं काही सुचलं नाही." साबणवाले ओशाळले. "त्याला वाइन फ्रिज म्हणतात हे दुकानात पाटी वाचली जाईपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

नणंदबाईंना हसू फुटलं आणि त्यांनी ते पदरात कोंबलं. वहिनींना हसू आलं नाही. "चार वास म्हणालात," त्या म्हणाल्या. "ही पाचवी आहे."

"गुलाब ओळखून तू काय करणार आहेस? तुला ओळखायचा तो हाच. पण मी नाही विकत घेतली. बाईंना सांगितलं, त्यांनी भरली, त्यांनीच पट्टी लावली. मी झाकणाला हात लावलेला नाही. पट्टी बघा तिची, लाल होती."

"कुठे आहे पट्टी?" वहिनींनी नणंदेकडे पाहिलं.

"मी दातांनी तोडली ना… टाकली कुठे?" नणंदबाई ओट्याखाली वाकल्या, मोरीत बघून आल्या, पिठाचा डबा सरकवला. मग पाय उचलून चपलेकडे पाहिलं. लाल पट्टी टाचेला चिकटलेली होती.

साबणवाल्यांनी खिशात हात घातला आणि दोन्ही किल्ल्या पायपुसण्यावर ठेवल्या, उंबऱ्याच्या बाहेरच. "कुलूप यासाठी. दोन्ही तुझ्याकडे ठेव. देणारच होतो. पण किल्ली द्यायची म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मला माहीत आहे हे तुला कळलं की तू 'या' म्हणणं सोडशील, अशी भीती वाटली. काय बोलायचं ते आज दिवसभर घोकत होतो."

वहिनी उभ्याच होत्या. पट्टी ठीक होती, किल्ल्या ठीक होत्या. पण मागचं वर्ष? त्याला कुठली पट्टी होती? त्यांचं मन तसं मऊ, पण अकरा वर्षं जपलेला संशय एका संध्याकाळी कसा सोडायचा?

"आत या," त्या शेवटी म्हणाल्या. नेहमीच्या 'या'सारखं ते नव्हतं. "इथे उभे राहा. मोरीपाशी."

साबणवाले मोरीपाशी उभे राहिले. वहिनींनी पाचव्या बाटलीचं झाकण काढलं आणि नवऱ्याकडे तोंड करून, हात लांब करून, बाटली मोरीत उलटी केली. त्यांना कसलाच वास आला नाही. त्यामुळे नाकाकडे लक्ष द्यायचं कारण उरलं नव्हतं, आणि त्या नुसत्या बघत राहिल्या.

साबणवाल्यांच्या नाकपुड्या फुलल्या. गळ्यावरची गाठ एकदा वर गेली आणि खाली आली. डोळे बाटलीवर जाऊन बसले, तिथून सुटेनात, आणि चेहऱ्यावर असं काही पसरलं की वहिनींना ते बघवेना. तान्हं बाळ आईचा आवाज ऐकून मान वळवतं, तसं. मग त्यांनी ओट्याची कड पकडली. बोटं पांढरी पडली. मान दुसरीकडे वळवली आणि पाणी पिणाऱ्या माणसासारखे मोठे मोठे श्वास घेत राहिले.

"नळ सोड," ते म्हणाले. "लवकर."

वहिनींनी नळ सोडला. असा चेहरा वहिनींनी गेल्या वर्षभरात कधी पाहिला नव्हता. म्हणजे, खरं सांगायचं तर, पाहिलाच नव्हता. त्या रोज डोळे मिटून घ्यायच्या ना! पण जेवताना, झोपेतून उठताना, दिव्याखाली वर्तमानपत्र वाचताना पाहिला होता, आणि त्यात हे कुठेच नव्हतं. इतकी तहान पोटात घेऊन हा माणूस रोज त्या पाटीवरून घरी येत होता, आणि आपण त्याचं नाक-तोंड हुंगत होतो!

"बसा," वहिनी म्हणाल्या. "पाणी देते."

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बाटल्या निघू लागल्या, चारच. वहिनी गुलाब हुंगायच्या आणि नवरीच्या केसांतला गजरा आठवायच्या. काही यायचं नाही. लवंगेला एकदा नाकात जरासं चुरचुरलं. पण ती झोंबही असेल, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. बटणांचा डबा त्या अजून अधूनमधून तळापर्यंत ढवळायच्या. सवय लगेच सुटते थोडीच.

अशाच एका संध्याकाळी साबणवाले पायपुसण्यावर उभे राहिले आणि सवयीने हाऽ केलं. वहिनी पुढे झाल्या. डोळे मिटले नाहीत. कसर लागलीय का हे बघायला कापड उजेडाला धरतात, तशी त्यांनी दोन बोटांनी नवऱ्याची हनुवटी जिन्यातल्या दिव्याकडे वळवली आणि चांगलं बघून घेतलं. डोळे, कपाळ, ओठांच्या कडा.

"आज पाटीपाशी थांबला होतात," त्या म्हणाल्या.

साबणवाले दचकले. "बसमधून उतरलो आणि तिथेच उभा राहिलो. आत नाही गेलो."

"किती वेळ?"

"बराच."

वहिनींनी आणखी जरा वेळ बघितलं. मग हनुवटी सोडली. "उद्यापासून स्टॉपवर मी येते घ्यायला," त्या म्हणाल्या. "या."

साबणवाल्यांनी पाय आत टाकला, तोच स्वयंपाकघरातून टीं टीं टीं टीं ऐकू आलं.

"वन्संऽ!" वहिनी ओरडल्या. "दार लावा ते!"

"लावते गं!" आतून आवाज आला. "चॉकलेटं ठेवतेय मी. एवढा थंड कोपरा, आणि नुसत्या चार बाटल्या?"